सगळ्यांसाठी सारखंच बंद

...पत्ती करंगळीच्या नखाएवढीच, पण एका कडेला काळी पडलेली. अंगठ्यानं घासली तरी काळेपणा जाईना, तेव्हा त्यानं ती जिन्याच्या खिडकीशी धरली आणि तिच्या मधोमध पडलेला खड्डा पाहिला. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, आणि त्याच्यापायी सात मजल्यांची आख्खी इमारत सकाळपासून धापा टाकत होती. चौथ्या मजल्याचं दार लागलं की ही तांब्याची पत्ती समोरच्या पत्तीला टेकायची, आणि ती टेकली म्हणजे लिफ्टला कळायचं की दार नीट बंद आहे, आता हलायला हरकत नाही. आज ती टेकत नव्हती. दार लागलेलं होतं, पण लिफ्टच्या लेखी ते उघडंच होतं. आणि लिफ्टचं काही चुकत नव्हतं—शंका आली की जागचं हलायचं नाही, हा तिचा धर्म. माणसांना तो पाळता आला असता तर आपण आज या परक्या मुलखात, या जिन्यात, गुडघे टेकून बसलो असतो का...

अकरा वर्षं झाली होती त्याला या देशात येऊन. लिफ्टा दुरुस्त करण्यात त्यातली नऊ गेली. या शहरातल्या दोनेकशे इमारतींची आतडी त्याला तोंडपाठ होती आणि त्या इमारतींत राहणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं स्वतःचं नावही इथल्या कुणाच्या जिभेवर बसलं नव्हतं. कंपनीत त्याला गाडीच्या नंबरावरून हाक मारायचे—सतरा.

फोन वाजला तो त्याच हाकेनं. कंपनीत बसून सगळ्या गाड्यांना कामं वाटणारी बाई. नऊ वर्षं रोज आवाज ऐकत होता, तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"सतरा, कुठे आहेस?"

"पालिकेच्या इमारतीत. चौथ्या मजल्याच्या दाराची पत्ती जळलीय."

"ते राहू दे. मनोऱ्यातली तीन नंबरची लिफ्ट थांबलीय. लगेच नीघ."

"आत कोणी अडकलंय?"

"नाही."

"बाकीच्या पाच चालू आहेत ना?"

"असतील. मी काय तिथं उभी आहे?" मग जरा मवाळ होऊन ती म्हणाली, "तासाभराचा करार आहे रे त्यांचा. तुला काय नवीन सांगायचं."

नवीन काहीच नव्हतं. मनोऱ्याच्या, म्हणजे शहरातल्या त्या उंच काचेच्या इमारतीच्या, करारात तास लिहिलेला होता आणि पालिकेच्या करारात दोन दिवस. दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबाची होती, आणि दोन्हीकडे जायचा तो माणूसही एकच होता. ह्यात कुणी कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. ज्यानं जेवढं मागितलं तेवढं त्याला मिळत होतं. इतकं सरळ, की चीड यायला बोट ठेवायला जागा नव्हती.

वीज तोडून पाटी लावायची म्हणून तो यंत्राच्या खोलीकडे चढू लागला. ती खोली सातव्याच्याही वर. सातव्यावर एक दार उघडं होतं आणि दारात एक म्हातारी उभी होती. अंगात जाडा कोट, डोक्याला रुमाल, पुढे चार पायांची काठी. दारावरच्या खुंटीला एक जुनी खाकी टोपी टांगलेली होती—बस चालवणाऱ्यांची. तीस वर्षं ह्या शहरात तिनं बस चालवली होती, ते तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, बहुधा आपण नुसती म्हातारी नाही हे त्याला आधीच कळावं म्हणून.

"किती वेळ लागेल?"

"परवापर्यंत."

"मी मिनिटं विचारत होते."

"पत्ती मागवावी लागेल, आजी. आमच्याकडे..." तो अडखळला. व्हॅनमध्ये तसल्या दोन पत्त्या होत्या. मनोऱ्यातल्या सामानाच्या जुन्या लिफ्टसाठी राखून ठेवलेल्या, पाकिटावर मनोऱ्याचं नाव. माप तेच, कंपनी तीच. "...या इमारतीच्या नावाची नाहीये," त्यानं वाक्य पुरं केलं, आणि आपण खोटं बोललो नाही याचं त्याला काडीचंही समाधान वाटलं नाही.

"दोन वाजता माझ्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचंय. चार महिन्यांनी नंबर लागलाय. हा गुडघा वाकत नाही." तिनं काठीनंच गुडघा दाखवला. "पूर्वीही मागवावीच लागायची म्हणा. मागवली की तीन-तीन महिने यायची नाही. माझ्या आईला आम्ही खुर्चीत बसवून खाली नेली होती—चार शेजारी आणि मी. पण तेव्हा कसं होतं, बंद तर सगळ्यांसाठी सारखंच बंद. साहेबलोकांच्या इमारतीतसुद्धा बंद."

ती थांबली. खिडकीतून लांबवर मनोऱ्याच्या काचा चमकत होत्या, तिकडे तिनं आजारी डोळा बारीक करून पाहिलं.

"नाही. त्यांची चालू असायची," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. आम्हाला ती दिसायची नाही, एवढंच."

त्यानं वर जाऊन वीज तोडली. एक वायर आडवी टाकून ती पत्ती चुकवता आली असती. पाच मिनिटांत लिफ्ट चालती झाली असती. आणि मग चौथ्यावर कुणीतरी दार ओढलं असतं, लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर असताना, आणि पाय पुढे टाकला असता... तसलं काम केलेला एक माणूस त्यानं पाहिला होता. त्यानंतर त्या माणसाला कधी कुणी हसताना पाहिलं नाही. नाही, वायर नाही. त्यानं पाटी लावली आणि जिना उतरला. म्हातारी अजून दारातच होती. "जा, तुझी नोकरी आहे," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. बस चुकलेल्या माणसाला बस चालवणारा सांगेल तशी म्हणाली—पुढची येईल तेव्हा येईल. उतरताना त्याच्या दोन्ही बाजूंनी दारं गेली. प्रत्येक दाराला तीन-तीन कुलपं, आणि एकाही दारावर नाव नाही.

व्हॅन सिग्नलला उभी असताना त्याला अण्णा आठवले. खरं म्हणजे सातव्या मजल्यापासूनच ते बरोबर चालत होते, त्यानं फक्त आता वळून पाहिलं.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. पण त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणायचा, सगळी वसाहत अण्णा म्हणायची, युनियनच्या कचेरीतला शिपाई अण्णा म्हणायचा, म्हणून घरातली दोन्ही मुलंही अण्णाच म्हणायची. बाबा वगैरे शब्द त्या घरात कधी कुणी वापरला नाही. आपल्याला बापासाठी स्वतःचा असा शब्दसुद्धा मिळाला नाही—हे त्याला फार उशिरा, इथं आल्यावर, एका रविवारी खोलीत एकटा बसलेला असताना सुचलं होतं, आणि त्या रविवारी तो जेवला नव्हता.

कारखाना सरकारी होता. वसाहत कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, शाळेच्या बाकांवरही कारखान्याचा शिक्का. अण्णांना त्या शिक्क्याचा कोण अभिमान. "हे कुणाचं?" असं ते बाकावर थाप मारून विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता म्हणायचे, "आपल्या सगळ्यांचं." त्या सगळ्यांच्या वसाहतीत मोरीतलं भांडण तिसऱ्या ओळीत ऐकू जायचं, ताप आला तर आठ बायका कपाळाला हात लावून जायच्या, नापास झालं तर घरी पोचायच्या आत घरी कळलेलं असायचं. गुदमरायचं. आणि मग सायकल.

हिरवी सायकल. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तो पहिला आला म्हणून मामानं पाठवलेली. सतरा दिवस ती त्याची होती—सतरा, हा आकडा काही आपली पाठ सोडत नाही. अठराव्या दिवशी शाळेतून आला तर ओसरीत सायकल नाही. अण्णा कागद वाचत बसले होते. "फिटरच्या पोराला दिली. त्याला शाळा चार मैल पडते. तुला अर्धा." एवढंच. नुसतं अंतर सांगितलं. त्यानं काही विचारावं, रडावं, भांडावं, याला त्या मैलांमध्ये जागाच नव्हती. अण्णांचं गणित बरोबर होतं. ते नेहमीच बरोबर असायचं. मला न्याय नको होता हो अण्णा, मला तुम्ही हवे होतात—हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल केव्हाचाच हिरवा झाला होता.

मनोऱ्यात शिरताना त्याला नेहमी बरं वाटायचं, हे त्यानं कुणाजवळ कबूल केलं नसतं. पण फरशी अशी की स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकावा, हवा धुतल्यासारखी, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी आणि प्रत्येक वस्तूला कुणीतरी मालक. इथं तू कुणाचा कोण असं कोणी विचारत नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलं की दारं आपोआप उघडतात. याच्यासाठीच तर आलो होतो... जे माझं ते माझं, आणि उरलेल्याशी मला कर्तव्य नाही. अकरा वर्षांत कुणी त्याची एक वस्तू नेली नव्हती. भाड्याच्या घरात फडताळाचे खण वाटून घेतले होते. बरोबर राहणारे दोघे वेगवेगळ्या पाळ्यांना जात. त्यांना तो ओल्या टॉवेलांवरून ओळखायचा. मीठसुद्धा तिघांचं तीन डब्यांत. कुणी कुणाचं मीठ घेत नसे. गेल्या हिवाळ्यात तो पाच दिवस तापानं फणफणला होता आणि पाचव्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली होती: न्हाणीघर साफ करायची पाळी तुमची होती.

तीन नंबरच्या लिफ्टच्या उंबऱ्याच्या खाचेत कॉफीच्या कपाचं झाकण अडकलं होतं. एवढंच. चिमट्यानं काढलं, दार चारदा उघडून मिटून पाहिलं. अकरा मिनिटं. शेजारच्या पाच लिफ्टा एखाद्या गुळगुळीत श्वासासारख्या वरखाली करत होत्या आणि तीन नंबर बंद होती हे येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कुणाच्या गावीही नव्हतं. व्यवस्थापक आला. तरतरीत, हसतमुख, हातातला फोन पुढे केलेला.

"तुमची माणसं खरंच तत्पर आहेत. इथं बोट लावता का? माझा अभिप्राय आहे, पाचपैकी पाच तारे."

"झाकण होतं," तो म्हणाला.

"कसलं?"

"कपाचं. तुमच्या पहारेकऱ्यालाही काढता आलं असतं."

"त्याच्या कामात ते बसत नाही," व्यवस्थापक तितक्याच हसतमुखानं म्हणाला, आणि पाच नंबरच्या लिफ्टनं वर निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीचा एक तास तेवढा त्याचा. व्हॅनमध्ये बसून त्यानं पाव सोडला, एक घास खाल्ला. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हा तो चौथ्या दिवशी पोचला होता. सगळं आटोपलं होतं. त्यांना खांदा कुणी दिला, लाकडं कुणी आणली, रात्रभर कोण बसलं, हे वसाहत त्याला सांगत होती, पाहुण्याला सांगावं तसं, त्याच्या हातात चहाची बशी देऊन. जो तो येऊन अण्णांनी आपल्याला काय दिलं ते सांगायचा. फिटरचा पोरगाही आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. "तुमची सायकल..." म्हणाला आणि ढसाढसा रडला. आणि तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता, आपल्याच बापाच्या मरणावर दुसऱ्याचं सांत्वन करत, आणि आत पार कोरडा... ताई आतून बघत होती. नंतर म्हणाली, "तू एकदा तरी रड रे." तो म्हणाला, "सगळं तुम्हीच रडून झालंय." तेव्हापासून फोनवर ती हवापाण्याचंच बोलते.

घास गिळेना. तांब्याच्या पत्त्यांचं पाकीट मागच्या खणात होतं. त्याला ते पाहायची गरज नव्हती. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पालिकेच्या इमारतीपर्यंत वीस मिनिटं. पत्ती बसवायला अर्धा तास, वीज जोडून सगळे मजले तपासायला आणखी पंधरा. त्यानं व्हॅन चालू केली, आणि पहिल्या वळणापर्यंत तो स्वतःला सांगत होता की आपण नुसतं जाऊन बघणार आहोत.

पाकिटावरचं मनोऱ्याचं नाव त्यानं फाडलं नाही. पाकीट तसंच उघडलं, पत्ती काढली आणि चौथ्या मजल्यावर गुडघे टेकले. स्क्रू गंजलेला होता, तेल सोडून वाट पाहावी लागली. त्या वाट पाहण्यात फोन वाजला.

"सतरा. तुझी गाडी मला पालिकेच्या इमारतीसमोर दिसतेय."

"जेवायची सुट्टी आहे."

"सुट्टी एकला संपली. आता एक वाजून आठ मिनिटं झालीत." पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "पत्ती कुठून आणलीस?"

त्यानं स्क्रूवर आणखी एक थेंब तेल सोडलं. जिन्यात खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं, त्याच्याकडे एक डोळा लागला आणि दार परत मिटलं.

"मला विचारतील," ती म्हणाली. घाबरलेला आवाज. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजामागे एक माणूस बसलेलं त्याला जाणवलं, ज्याची स्वतःची नोकरी होती, ज्याच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. तो मनोऱ्याचं उचलून म्हातारीला देत होता असं त्याला वाटलं होतं. मधल्यामध्ये आणखी कुणाची तरी ओसरी रिकामी होणार होती.

"मी सांगेन, मी नेली म्हणून."

"सांगशील खरा," ती म्हणाली, आणि ते वाक्य प्रश्न होतं की टोमणा हे कळायच्या आत फोन बंद झाला.

पत्ती बसली. वीज जोडली. लिफ्ट हादरली, कण्हली आणि सातव्याकडे निघाली. तिच्याबरोबर तोही. म्हातारी दारात नव्हती. दाराबाहेरच्या स्टुलावर बसली होती, कोटासकट, सकाळपासून असावी. एक तेहेतीस. ती उठली, काठी टाकत आत आली. त्यानं हात पुढे केला तो तिनं घेतला नाही.

"दोनला पोचाल," तो म्हणाला.

"बस वेळेवर आली तर. माझ्या वेळी यायची." मग, तिसऱ्या मजल्याच्या आसपास, "आमचा पूर्वीचा मिस्त्री फार प्यायचा. तीन दिवस लावायचा कामाला. पण वर येऊन बसायचा. आईशी पत्ते खेळायचा." ती त्याच्याकडे न पाहता बोलत होती, मजल्यांच्या दिव्यांकडे पाहत. "तू परवापर्यंत म्हणाला होतास."

"हो."

"मग आज कशी आली पत्ती?"

"आली."

"उद्या दुसऱ्या मजल्याची जाईल. ह्या सगळ्या एकाच वयाच्या आहेत. तेव्हा येशील असा?"

त्याला हो म्हणता आलं असतं. तळमजला आला, दार उघडलं, बाहेरची थंड हवा आत आली.

"सांगता येत नाही, आजी."

"मग हे उगीच केलंस," ती म्हणाली. कडवटपणानं नाही, तीस वर्षं वेळापत्रकावर बस चालवलेल्या बाईला जे दिसलं ते तिनं सांगितलं. "माणूस सवय लावून घेतो." आणि ती निघून गेली, चार पायांची काठी दोनदोनदा टेकत, रस्त्याच्या कडेनं, थांब्याकडे. आभार नाहीत, मागे वळून पाहणं नाही.

व्हॅनमध्ये बसून त्यानं दार धाडकन ओढलं. राग. चांगला जाडजूड राग. कोण ही बाई, काय लागते माझी, नोकरी पणाला लावली मी—आणि त्या रागाच्या तळाशी पाय टेकल्यावर त्याला स्वच्छ दिसलं की ती बाई त्याला मुळीच आवडलेली नव्हती. सकाळीही नाही, आताही नाही. तिच्याकडे जाऊन पत्ते खेळावे असं त्याला या जन्मात वाटलं नसतं. माया नव्हती, कीव नव्हती. तिचा गुडघा वाकत नव्हता आणि पत्ती व्हॅनमध्ये होती, बस्स. दोनच गोष्टी. त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी आल्यावर त्याला घास गिळता आला नव्हता.

आणि अण्णांनाही तो फिटरचा पोरगा कुठे आवडायचा! शेंबडा म्हणायचे त्याला, कामचुकाराचं बेणं म्हणायचे, सायकल दिल्यावरही म्हणायचे. हे त्याला नेहमीच माहीत होतं. माहीत असून चाळीस वर्षं तो एकच तराजू धरून बसला होता—एका पारड्यात फिटरचा पोर, एका पारड्यात आपण, आणि अण्णांचं प्रेम त्या बाजूला झुकलेलं. तराजूच नव्हता तिथं. प्रेमाचा काही संबंधच नव्हता. मग मी इतकी वर्षं रागावलो होतो तो कुणावर? इतक्या लांब येऊन, स्वतःचं मीठ स्वतःच्या डब्यात ठेवून मी कुणाला धडा शिकवत होतो?

राग उतरला तसं त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट थंडी वाजली, पांघरूण कुणी ओढून नेल्यासारखी. त्या रागाला निदान अण्णांचा चेहरा होता, तो जवळ होता तोवर खोलीत दोघं होते.

फोन पुन्हा वाजू लागला. कंपनीचा होता. त्यानं तो वाजू दिला. चाळीस वर्षं अण्णांना विचारायचा म्हणून त्यानं एकच प्रश्न घोळवला होता—माझीच सायकल का? आता तो प्रश्न तोंडात फिरवून पाहिला तर त्याला चवच उरली नव्हती. त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि तो विचारायची घाई इतकी की त्यानं नकळत तोंड उघडलं. अण्णा, दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत? दुसरं पोर आलं असेलच ना दारात, त्यालाही शाळा लांब असेल, आणि ओसरीत तर सायकल नव्हती... तेव्हा त्याला काय सांगितलंत? रात्री झोप लागली का तुम्हाला? त्या घरात, एवढ्या माणसांत, तुम्हालाही कुणाला विचारावंसं वाटलं असेल का, आणि विचारायला कुणी होतं का?